मेंदूतील इम्प्लांट आणि ‘हॅकिंग’: धोका नेमका कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांना पार्किन्सन्स होऊन बरीच वर्षे झाली, गोळ्यांचा परिणाम आता दिवसभर टिकत नाही, म्हणून न्यूरोलॉजिस्टनी डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजेच डीबीएस (मेंदूत इलेक्ट्रोड बसवून विद्युत स्पंद देण्याचा उपचार), सुचवले आहे. ‘मेंदूतले यंत्र हॅक होते’ अशा बातम्या वाचून घरातल्यांनी मात्र धास्ती घेतली आहे. बाहेरचा कोणी यंत्राचा ताबा घेऊ शकेल का, वडिलांचे विचार चोरले जातील का, आणि ब्लूटूथवर चालणारे नवे मॉडेल घ्यावे की जुन्या धाटणीचे, असे तीन प्रश्न विचारले आहेत.

वैद्यकीय उपकरणांची सुरक्षा तपासणे हे माझे काम आहे, उपचार सुचवणे नव्हे. त्यामुळे शस्त्रक्रिया करावी की नाही हे न्यूरोलॉजिस्ट आणि न्यूरोसर्जन यांनीच ठरवावे. हॅकरच्या भीतीने मात्र ती टाळू नये, एवढे मी निःसंकोचपणे सांगतो. रुग्णाच्या मेंदूतील इम्प्लांटवर कोणी दुष्ट हेतूने हल्ला केल्याची जाहीर नोंद आजवर झालेली नाही. संशोधकांनी प्रयोगशाळेत केलेले हल्ले मात्र यशस्वी झाले, आणि त्यांतील काही तर लाज वाटावी इतक्या सहजपणे यशस्वी झाले, हेही तितकेच खरे आहे. म्हणून ‘काही होत नाही हो’ असे म्हणून मी हा विषय झटकून टाकणार नाही.

आधी यंत्राची रचना पाहू, कारण तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यातच आहे. मेंदूच्या खोल भागात, बहुधा सबथॅलॅमिक न्यूक्लियस या काही मिलिमीटरच्या गाभ्यात, इलेक्ट्रोडची बारीक तार बसवतात. तिला जोडलेली वायर कानामागून आणि मानेच्या त्वचेखालून छातीपर्यंत आणतात, आणि तिथे कॉलरबोनच्या खाली बॅटरीसह पल्स जनरेटर ठेवतात. हा जनरेटर सेकंदाला सुमारे १३० वेळा, प्रत्येक वेळी साधारण ६० मायक्रोसेकंदांचा विद्युत स्पंद पाठवतो. इलेक्ट्रोडवरील कोणत्या संपर्कबिंदूवरून, किती तीव्रतेचा आणि किती वारंवारतेचा स्पंद द्यायचा हे डॉक्टर त्यांच्याकडील प्रोग्रामरवरून ठरवतात. रुग्णाच्या हातातील रिमोट किंवा मोबाइल अ‍ॅप डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेतच तीव्रता कमी-जास्त करू शकते. हल्लेखोराला मेंदूपर्यंत पोहोचायचे असेल तर त्याला जनरेटरचा बिनतारी संदेश घेणारा-देणारा रेडिओ, डॉक्टरांचा प्रोग्रामर, रुग्णाचा मोबाइल आणि कंपनीचा सर्व्हर या चारांपैकी एखादे दार उघडावे लागते. कवटीच्या आत त्याला काहीही करावे लागत नाही.

यातील पहिले दार किती कच्चे असू शकते हे २००८ मध्ये उघड झाले. अमेरिकेतील संशोधकांच्या एका गटाने हृदयाची लय बिघडल्यास झटका देऊन ती सावरणारा, शरीरात बसवायचा डिफिब्रिलेटर टेबलावर ठेवला आणि सॉफ्टवेअर रेडिओच्या (संगणकावरून रेडिओ संदेश पकडणाऱ्या आणि सोडणाऱ्या उपकरणाच्या) साह्याने त्याचे प्रोग्रामरशी होणारे बोलणे ऐकले. रुग्णाचे नाव, निदान, उपचारांची सेटिंग हे सारे एन्क्रिप्शनविना, म्हणजे सांकेतिक रूपात न बदलता, उघड्यावर जात होते. ऐकलेले संदेश त्यांनी टिपून ठेवले आणि तेच पुन्हा हवेत सोडले. यंत्राने ते निमूटपणे मानले, कारण आज्ञा कोणाकडून येते आहे हे तपासण्याची सोयच त्यात नव्हती. उपचार बंद करणे, सेटिंग बदलणे, एवढेच काय, हृदयाची लय बिघडवू शकणारा झटका देण्याची आज्ञा सोडणे, हे सगळे त्यांनी करून दाखवले. अंतर मात्र अवघे काही सेंटिमीटर होते, ही गोष्ट बातम्यांत सहसा गाळली जाते. अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या हृदयातील यंत्राची वायरलेस सोय डॉक्टरांनी २००७ मध्येच बंद करून घेतली होती, हे २०१३ मध्ये त्यांनी स्वतःच सांगितले.

तो हृदयाचा विषय झाला. मेंदूच्या बाबतीत बेल्जियममधील लूव्हन विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये बाजारात असलेल्या एका न्यूरोस्टिम्युलेटरवर (मेंदूला विद्युत स्पंद देणाऱ्या यंत्रावर) तसेच काम केले. कंपनीने संदेशांची रचना, म्हणजे प्रोटोकॉल, गुप्त ठेवली होती. संशोधकांनी यंत्र उघडले नाही की कंपनीकडे कागदपत्रे मागितली नाहीत; प्रोग्रामरवर एकेक सेटिंग बदलायची, त्या वेळी हवेत काय गेले ते नोंदवायचे आणि दोन संदेशांत कोणते बिट (शून्य-एकचे अंक) बदलले ते पाहायचे, या चिकाटीच्या पद्धतीने त्यांनी सारी भाषा उलगडली. आत सुरक्षेची कोणतीच तरतूद नव्हती. ‘आमचा प्रोटोकॉल गोपनीय आहे’ हे वाक्य मी कंपन्यांच्या बैठकांत अनेकदा ऐकले आहे, आणि दर वेळी मला हेच काम आठवते: गुप्ततेने हल्लेखोराचे काही आठवडे खर्च होतात, यापलीकडे तिचा उपयोग नाही. याच गटाने सुचवलेला उपायही लक्षात ठेवण्याजोगा आहे. मेंदूतून यंत्राला सतत मिळणाऱ्या विद्युत संकेतांतील अनियमितपणा वापरून गुप्त किल्ली तयार करायची आणि प्रोग्रामर रुग्णाच्या त्वचेला टेकवला तरच ती त्याला द्यायची, अशी ती कल्पना होती.

आता समजा, कोणी यंत्राचा ताबा मिळवलाच, तर तो काय करू शकेल? ऑक्सफर्डमधील न्यूरोसर्जन आणि संशोधकांनी २०१६ मध्ये यावर सविस्तर लिहिले आणि धोक्याचे दोन प्रकार पाडले. पहिला आंधळा हल्ला: रुग्णाबद्दल काहीही ठाऊक नसताना यंत्र बंद करणे, बॅटरी संपवणे, माहिती पळवणे. दुसरा नेम धरून केलेला हल्ला: इलेक्ट्रोड नेमका कुठे आहे आणि रुग्णाला कोणता आजार आहे हे जाणून हालचाल बिघडवणे, वेदना वाढवणे, भावनांवर किंवा संयमावर परिणाम घडवणे. बातम्या दुसऱ्या प्रकारावर पोसल्या जातात. माझ्या मते काळजी पहिल्याचीच अधिक करावी, कारण त्याला वैद्यकीय ज्ञान लागत नाही. पार्किन्सन्सच्या रुग्णाचे स्टिम्युलेशन अचानक थांबले तर ताठरपणा आणि कंप उसळून येतात, आणि अनेक वर्षे डीबीएसवर असलेल्या काही रुग्णांत ही अवस्था जिवावर बेतू शकते. बॅटरी संपवण्यासाठी तर आज्ञा पाळली जाण्याचीही गरज नसते. यंत्राला पुन्हा पुन्हा जागे करून उत्तर द्यायला लावले की पुरते, आणि न चार्ज होणाऱ्या बॅटरीचा अर्थ पुन्हा एक शस्त्रक्रिया.

दुसरा प्रकार कल्पनारम्य नाही, हेही सांगितले पाहिजे. १९९९ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी एका पार्किन्सन्सग्रस्त महिलेची नोंद प्रसिद्ध केली. नेहमीच्या जागेपासून जेमतेम दोन मिलिमीटर खालच्या संपर्कबिंदूवरून विद्युतप्रवाह दिल्यावर तिच्या चेहऱ्यावर दुःख दाटले, ती रडू लागली, जगावेसे वाटत नाही असे म्हणू लागली. प्रवाह बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत ती पूर्ववत झाली. सबथॅलॅमिक न्यूक्लियसच्या उत्तेजनानंतर काही रुग्णांत आवेगांवरचा ताबा सुटल्याचेही वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहे. हे सारे डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर, उपचारांच्या ओघात घडले. बाहेरच्या माणसाला तेच घडवायचे तर त्या रुग्णाचा कोणता संपर्कबिंदू कुठे आहे हे माहीत हवे, आणि ती माहिती इस्पितळाच्या स्कॅनमध्ये आणि प्रोग्रामरच्या नोंदीत असते. यंत्राला जितके जपायचे तितकेच या नोंदींना जपावे लागते, ते यासाठी.

मग कंपन्या यंत्राला सरळ कुलूप का लावत नाहीत? ‘एन्क्रिप्शनने बॅटरी खर्च होते’ हे उत्तर एके काळी बरे होते. आज ते मला पटत नाही, कारण रेडिओ चालू ठेवण्याला जी ऊर्जा लागते तिच्यापुढे एन्क्रिप्शनचा खर्च किरकोळ असतो. खरी अडचण किल्ली कोणाकडे ठेवायची ही आहे. शस्त्रक्रिया मुंबईत झालेला रुग्ण कोल्हापूरला पडून बेशुद्ध झाला, तर तिथल्या डॉक्टरांना त्यांच्याकडील प्रोग्रामरने यंत्राशी तत्काळ बोलता आले पाहिजे. किल्ली फक्त मुंबईच्या इस्पितळाकडे असेल तर कुलूप रुग्णाच्याच जिवावर उठेल. प्रत्येक इस्पितळाकडे तीच किल्ली असेल तर ते कुलूप नावापुरते. घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवताना आपण जो विचार करतो तोच इथे करावा लागतो, फक्त इथे शेजारी हजारो आहेत. यावर सर्वांत समंजस तोडगा म्हणजे शारीरिक जवळीक हीच परवानगी मानणे: पहिली जोडणी करताना प्रोग्रामरचा भाग छातीवर टेकवावाच लागेल, आणि त्यानंतरच लांब पल्ल्याचे बोलणे सुरू होईल. जो माणूस रुग्णाच्या छातीला हात लावण्याइतका जवळ आला आहे, त्याच्यापासून रेडिओ सुरक्षेने बचाव करण्यात तसाही फारसा अर्थ नाही.

दुसऱ्या दाराकडे, म्हणजे प्रोग्रामरकडे, लोकांचे लक्ष कमी जाते आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. एका रेडिओवर हल्ला केला तर एक रुग्ण सापडतो; प्रोग्रामर किंवा त्याला अपडेट पाठवणारा सर्व्हर सापडला तर त्या इस्पितळातले सगळे रुग्ण सापडतात. बिली रिओस आणि जोनाथन बट्स या संशोधकांनी २०१७ मध्ये चार कंपन्यांच्या पेसमेकर-प्रोग्रामरांची तपासणी केली. लिलावाच्या संकेतस्थळांवर हे प्रोग्रामर कोणालाही विकत मिळत होते, त्यांतील तयार सॉफ्टवेअर घटकांत ८,००० हून अधिक ज्ञात त्रुटी होत्या, आणि एकावर तर खऱ्या रुग्णांची माहिती जशीच्या तशी पडून होती. पुढच्या वर्षी याच दोघांनी दाखवलेल्या त्रुटीमुळे मेडट्रॉनिक कंपनीने आपल्या दोन प्रकारच्या प्रोग्रामरांना इंटरनेटवरून अपडेट देणेच थांबवले. २०१९ मध्ये याच कंपनीच्या डिफिब्रिलेटरांतील कोनेक्सस नावाच्या रेडिओ प्रोटोकॉलमध्ये ओळख पडताळणी आणि एन्क्रिप्शन दोन्ही नसल्याचा इशारा अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने दिला. २००८ चा धडा अकरा वर्षांनीही पूर्ण शिकला गेला नव्हता, असाच याचा अर्थ होतो. आपल्याकडे यात आणखी एक गुंतागुंत आहे: अनेक ठिकाणी प्रोग्रामिंगच्या वेळी कंपनीचा तांत्रिक प्रतिनिधी स्वतःचा टॅबलेट घेऊन येतो. तो टॅबलेट किती इस्पितळांत फिरतो आणि त्यावरची नोंद कोण पुसतो, हे विचारायला कोणी सहसा धजावत नाही. जरूर विचारावे.

आता विचार चोरण्याचा प्रश्न. वडिलांच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. नेहमीचे डीबीएस यंत्र मुख्यतः स्पंद देते. काही नवी मॉडेले इलेक्ट्रोडच्या आसपासच्या विद्युत लहरी नोंदवतात, पण त्यांतून कंप, ताठरपणा, झोप यांविषयी अंदाज बांधता येतो, विचार वाचता येत नाहीत. या नोंदी आरोग्याची खासगी माहिती आहे, आणि तेवढ्याच गांभीर्याने त्या जपाव्यात.

ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेसची, म्हणजे मेंदू संगणकाला जोडणाऱ्या यंत्रांची, गोष्ट वेगळी आहे, कारण मेंदूतून अर्थ काढणे हेच त्यांचे काम. २०१२ मध्ये संशोधकांनी गेम खेळण्यासाठी विकला जाणारा, डोक्यावर घालायचा इमोटिव्ह कंपनीचा ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरी टिपणारा) हेडसेट घेतला आणि स्वयंसेवकांच्या समोरील पडद्यावर आकडे, बँकांची चित्रे, महिन्यांची नावे, चेहरे भराभर दाखवले. ओळखीची गोष्ट दिसली की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत पी-३०० नावाची लहर उमटते. ती लहर मोजून पिनमधील आकडा, बँक, जन्ममहिना यांचा अंदाज बांधला, तेव्हा गुप्त माहितीबाबतची अनिश्चितता निव्वळ अंदाजाच्या तुलनेत १५ ते ४० टक्क्यांनी घटली. मन वाचणे हे नव्हे. पण हेडसेटवरच्या प्रत्येक अ‍ॅपला कच्चा संकेत मोकळेपणाने देणे किती चुकीचे आहे हे त्यातून स्पष्ट झाले. मेंदूत थेट बसवलेल्या इलेक्ट्रोडांनी याच्या बरेच पुढे मजल मारली आहे. बोलता न येणाऱ्या रुग्णांसाठी स्टॅनफर्डच्या गटाने २०२५ मध्ये मनातल्या मनात उच्चारलेले शब्द ओळखून दाखवले, आणि त्यासोबत एक कुलूपही तयार केले: रुग्णाने ठरावीक सांकेतिक शब्द मनात म्हटल्याशिवाय यंत्राने काहीही उलगडायचे नाही. तो शब्द ओळखण्यात यंत्र ९८ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ठरले. सुरक्षेचा विचार प्रयोगाच्या पहिल्या टप्प्यातच झालेला पाहून मला खरोखर बरे वाटले. हृदयाच्या यंत्रांच्या वेळी तसे घडले नव्हते.

‘मेंदूची लहर म्हणजे पुरावा’ या समजुतीचा धोका महाराष्ट्राला ऐकून ठाऊक आहे. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपीच्या मेंदूलहरींच्या चाचणीवर भिस्त ठेवली होती, तेव्हा जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी आश्चर्य व्यक्त केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींची चाचणी संमतीविना करता येणार नाही असे स्पष्ट केले. इम्प्लांटमधील नोंदी उद्या पोलीस, विमा कंपनी किंवा मालक यांनी मागितल्या तर काय, हा प्रश्न याच वाटेने येणार आहे. चिलीने २०२१ मध्ये राज्यघटनेत बदल करून मेंदूतील क्रियांना संरक्षण दिले, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने इमोटिव्हला एका माजी सिनेटरच्या मेंदूविषयक नोंदी पुसायला लावल्या. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२४ मध्ये अशा नोंदी संवेदनशील माहितीत धरल्या. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मेंदूच्या नोंदींसाठी वेगळा वर्ग नाही. संमती, माहिती पुसण्याचा हक्क, माहिती फुटल्यास कळवण्याचे बंधन या सर्वसाधारण तरतुदींवरच भागवावे लागेल. तेव्हा संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी, नोंदी कोणत्या सर्व्हरवर जातात आणि संशोधनासाठी वापरल्या जाणार का, हे वाचूनच सही करावी. उपचाराची संमती आणि संशोधनाची संमती वेगवेगळ्या कागदांवर मागण्याचा आग्रह धरता येतो.

आणखी एक धोका हॅकरशिवायचा आहे, आणि तो प्रत्यक्षात घडलेला आहे. सेकंड साइट या अमेरिकी कंपनीने अंध रुग्णांसाठी आर्गस-२ नावाचे दृष्टिपटलावरचे इम्प्लांट काढले होते. जगभरात ३५० हून अधिक जणांनी ते बसवून घेतले. कंपनी आर्थिक अडचणीत आली, उत्पादन थांबले आणि रुग्णांच्या डोळ्यांत दुरुस्ती आणि अपडेट नसलेले यंत्र उरले. सुरक्षेच्या दृष्टीने असे यंत्र अनाथ असते: उद्या त्रुटी सापडली तर ती दुरुस्त करणारे कोणी नाही. उलट, कंपनी भक्कम असली की काय होते तेही पाहा. २०१७ मध्ये अ‍ॅबट कंपनीने अमेरिकेतील सुमारे ४,६५,००० पेसमेकरांसाठी सुरक्षा अपडेट काढले. रुग्णाला दवाखान्यात जाऊन सुमारे तीन मिनिटे बसावे लागे, यंत्र काढावे लागत नसे. अमेरिकेत मार्च २०२३ पासून नव्या यंत्राच्या मंजुरीसाठी अर्ज करतानाच अपडेटची योजना आणि आतील सॉफ्टवेअर घटकांची यादी देणे कायद्याने बंधनकारक झाले आहे. म्हणून सुचवलेले मॉडेल त्या तारखेआधी मंजूर झाले की नंतर, हे प्रतिनिधीला विचारावे.

तर, नवे मॉडेल की जुने? निवड आधी वैद्यकीय निकषांवर करावी: बॅटरी चार्ज होणारी आहे का, वडिलांना दर काही दिवसांनी चार्जर लावून बसणे जमेल का, पुढे एमआरआय करता येईल का. सुरक्षेपुरते बोलायचे तर ‘ब्लूटूथ नाही म्हणजे सुरक्षित’ हा समज मी मानत नाही. जुन्या यंत्रांचा पल्ला लहान हा फायदा खरा आहे, पण त्यांत बहुधा ओळख पडताळणीच नसते, आणि जुन्या पिढीतील काही यंत्रांत चुंबकावर चालणारा स्विच असल्याने दुकानाच्या दारातील चोरी-शोधक फाटकानेही ती बंद पडल्याच्या नोंदी आहेत. नीट बांधलेले ब्लूटूथ मॉडेल त्याहून बरे. नीट बांधले आहे की नाही हे कळायला प्रतिनिधीला चार गोष्टी विचाराव्यात: पहिल्या जोडणीसाठी यंत्राजवळ काही टेकवावे लागते का, मोबाइल हरवला तर जुनी जोडणी कशी रद्द करायची, डॉक्टरांनी घातलेली मर्यादा यंत्राच्या आत जपली जाते की फक्त अ‍ॅपमध्ये, आणि दुरून प्रोग्रामिंग करताना मध्येच संपर्क तुटला तर यंत्र कोणत्या सेटिंगवर परतते. तिसऱ्या प्रश्नाला ‘अ‍ॅपमध्ये’ असे उत्तर आले तर दुसरे मॉडेल पाहावे. जिल्ह्याच्या गावाहून दर खेपेला मुंबई-पुण्याला यावे लागणार असेल तर दुरून प्रोग्रामिंगची सोय मोलाची आहे, ती केवळ भीतीपोटी सोडू नये. ज्या मोबाइलवर ते अ‍ॅप असेल तो नातवंडांच्या खेळासाठी देऊ नये आणि त्यावर अपडेट वेळेवर घ्यावेत. प्रत्येक प्रोग्रामिंगनंतर त्या दिवसाच्या सेटिंगची छापील प्रत मागून घ्यावी आणि इम्प्लांटच्या ओळखपत्रासोबत घरी फाइलला लावावी. सेटिंग कोणत्याही कारणाने बिघडली, हल्ल्याने असो वा साध्या चुकीने, तरी जवळच्या कोणत्याही केंद्रातील डॉक्टरांना त्या कागदावरून ती पूर्ववत करता येते.